आजीला व्हिडिओ कॉल घेता येतो, पण कट करता येतो का?

‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. “तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलंय, कॉल कट करायचा नाही,” असा दम भरून तोतया पोलीस माणसाला तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवतात आणि आयुष्यभराची पुंजी ट्रान्सफर करून घेतात. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनीही हे सांगितलं. तरी शिकलेली, निवृत्त माणसं फसतात.

मला याचं एक कारण आपल्या शिकवण्यात दिसतं. बहुतेक घरांत शिकवणी एवढीच: “हे हिरवं बटण वर सरकव, आम्ही दिसू.” पुढे काही अडलं की “दे इकडे, मी करतो.” म्हणजे कॉल घ्यायला शिकवलं, तोडायला नाही. त्यात कोणाचं बोलणं मध्येच तोडणं त्या पिढीला उद्धटपणा वाटतो. वर्दीतल्या माणसाचं तर विचारूच नका!

सरकारकडे बोट दाखवता येईल, दाखवावंही. ग्रामीण भागातल्या ६ कोटी घरांसाठी २०१७ मध्ये आलेल्या पीएमजीदिशा या डिजिटल साक्षरता योजनेची वयोमर्यादा होती १४ ते ६०. साठीनंतरच्यांना कोण शिकवणार? नातवंडंच.

मग सुरुवात लाल बटणापासून करा. फोन त्यांच्याच हातात राहू द्या. व्हिडिओ कॉल सुरू असताना स्क्रीनवरची बटणं गायब होतात, एकदा टॅप केलं की परत येतात. घाबरलेल्या माणसाला नेमकं हेच सुचत नाही. मित्राच्या नंबरवरून कॉल करा, खोटा दम द्या आणि त्यांना तो कापू द्या. दोन-चार वेळा. (माझ्या आजोबांना यात इतकी मजा वाटली की त्यांनी नंतर माझे खरे कॉलही कापले.)

त्यानंतर व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ सुरू करा. अनोळखी नंबरची रिंग वाजणार नाही, कॉल यादीत मात्र दिसेल. हे फक्त व्हॉट्सॲपपुरतं, साधे फोन येतच राहतील. स्क्रीन शेअर केली तर आलेला ओटीपीही समोरच्याला दिसू शकतो, हे एकदा प्रत्यक्ष करूनच दाखवा.

आणि १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार गेली, तर ते रोखले जाण्याची शक्यता जास्त. पण “सांगितलं होतं ना तुला!” हे ऐकावं लागेल म्हणून घरचे आधी आपल्यापासूनच लपवतात. ते वाक्य गिळा आणि १९३० लावा.