लस टोचण्याआधी लेंड्या तपासा

मंडळी, पावसाळ्याच्या तोंडावर शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचायची सगळ्यांनाच घाई. पोटातल्या जंताचं काय? हिमाँकस नुसतं रक्त पीत नाही. शेळीच्या शरीरानं आपल्याला हाकलू नये म्हणून तो असे पदार्थ सोडतो की तिची प्रतिकारशक्तीच मंदावते. मग लसही नीट लागत नाही, आणि आपण डॉक्टरच्या नावानं बोटं मोडतो! माझं म्हणणं, लसीच्या दोन आठवडे आधी जंताचं औषध पाजा. पण अंदाजानं नको. तेच ते औषध, तेही वजनापेक्षा कमी पाजलं, की जंत दाद देत नाहीत. आपल्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ताज्या लेंड्या डबीत घेऊन जा की. पापणी आतून पांढरी, जबड्याखाली पाणी उतरलेलं, अशी शेळी असेल तर आजच जा.