पूर ओसरण्यापूर्वी रोप तयार हवे

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीस पावसाळ्यातील पाणी नवे नाही. नदी चढून दत्तमंदिरात येते, पादुकांवरून वाहत दक्षिण द्वाराने बाहेर पडते, आणि भाविक तो दक्षिणद्वार सोहळा मानून स्नानास जमतात. परंतु हेच पाणी परसात व मळ्यात शिरले म्हणजे घरचा भाजीपाला नाहीसा होतो. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्याने याचा कटू अनुभव घेतला आहे.

पूर ओसरल्यावर जमीन वाफशावर येईपर्यंत थांबावयाचे आणि मग बी पेरावयाचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. टोमॅटोचे पहिले फळ पेरणीपासून सुमारे १०० दिवसांनी पिकते. सप्टेंबरच्या आरंभी पेरलेल्या बियांचे फळ त्यामुळे डिसेंबरच्या मध्यावर हाती येते. पुराने घराची ओढाताण झालेली असते, नेमकी तेव्हाच भाजी विकत घ्यावी लागते. हा दोष केवळ नदीचा नव्हे. नदी वाफा बुडविते. रोप तयार नसणे ही मात्र नियोजनातील उणीव होय.

घरच्या गरजेपुरती पाच-सहा झाडे पुरतात. जुलैच्या मध्यावर तितके जुने डबे घेऊन त्यांच्या बुडाला भोके पाडावीत. पोयटा व चांगले कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने ते अर्ध्याहून थोडे अधिक भरावेत. प्रत्येकात तीन बिया टोकून डबे गच्चीवर किंवा उंच ओट्यावर ठेवावेत. वर पावसापासून आडोसा करावा. बाजूंनी हवा व उजेड मोकळा असावा. उगवणीनंतर एकच जोमदार रोप राखावे. ढगाळ हवेत रोप उंच व नाजूक वाढते. अशा वेळी खोडाभोवती मातीची भर घालीत जावे. टोमॅटोच्या खोडासही मुळ्या फुटतात. पाणी ओसरून वाफसा येताच दीड महिन्याचे रोप मुळांवरील मातीसह परसात लावले, तर ऑक्टोबरअखेर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, फळ मिळू लागते.

रोपे कमी पडली, तर बगलफुटीचा उपयोग करावा. पानाच्या बेचक्यातून निघालेली १० ते १५ सेंटिमीटरची फूट काढून, खालची पाने खुडून, ती पाण्यात किंवा ओल्या मातीत सावलीत ठेवावी. आठ-दहा दिवसांत तिला मुळ्या येतात आणि त्याच दिवशी पेरलेल्या बियाण्याच्या झाडापेक्षा ती लवकर फुलते. मात्र पाने आकसलेल्या किंवा ठिपके पडलेल्या झाडाची फूट कदापि घेऊ नये. विषाणुरोग फुटीबरोबर नव्या झाडात जातो.

विकतची संकरित रोपे मिळत असता हा खटाटोप कशास, असे कोणी विचारील. बाजारासाठी एकर-दोन एकर लावणाऱ्यास रोपवाटिकेवाचून गत्यंतर नाही, हे मान्य. परंतु पुरानंतर सर्वांना रोपे एकाच वेळी हवी असतात आणि परसबागेची आठवण शेवटी होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री व भाग्यश्री हे सरळ वाण आहेत. त्यांचे बी घरी राखता येते.

घर सोडण्याची सूचना आल्यास डब्यांसाठी क्षणभरही रेंगाळू नये. माणसे व जनावरे प्रथम. रोपे गेली, तरी मूठभर मातीचेच नुकसान होते. थोडे बी कोरड्या पुडीत सोबत असले म्हणजे पुन्हा आरंभ करता येतो.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुरानंतर बियाणे वाटण्यावरच समाधान मानू नये. जूनमध्येच एखाद्या घरच्या ओट्यावर चार डबे भरून दाखवावेत. नदीचे येणे कोणाच्या हाती नाही. तिच्या परतीच्या दिवशी दारात रोप उभे असणे प्रत्येक घराच्या हाती आहे.