कारखाना तेथेच दवाखाना?

मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातून शेकडा २ इतकी रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, हे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमाने घातले व १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. 'सीएसआर' या नावाने हा निधी आता सर्वपरिचित आहे. त्यातील मोठा वाटा आरोग्याकडे वळतो, हेही खरे. परंतु तो कोणाच्या दारी पोचतो, हा प्रश्न उरतोच.

कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे त्याच कलमात म्हटले आहे. आता भामरागडात वा धडगावात मुख्य कचेरी कोण थाटणार? साहजिकच मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत आणखी एक यंत्र येते. पुढच्या बाकावरील मुलांनाच शिकवीत राहणारे मास्तर आम्ही पाहिले आहेत. निकाल उत्तम लागतो, मागचे बाक मात्र होते तेथेच राहतात. वास्तविक हे प्राधान्य सक्तीचे नाही, असा खुलासा केंद्र सरकारने २०२१ मध्येच केला आहे. तेव्हा कायद्याची सबब पुढे करण्यात अर्थ नाही.

दुसरा दोष दात्याच्या आवडीचा. इमारतीवर नामफलक बसतो, रुग्णवाहिकेवर बोधचिन्ह रंगविता येते. परिचारिकेच्या वेतनावर नाव कोठे कोरावयाचे? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ खेड्यांत नवजात अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटविले. १९९९ साली 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेल्या त्या प्रयोगामागे भव्य वास्तू नव्हती. घरोघर जाऊन बाळ तपासणाऱ्या, बेताचे शिकलेल्या, गावातल्याच स्त्रिया होत्या. अशा माणसांना तयार करण्यास व टिकविण्यास वर्षे लागतात. उलट, नियमाप्रमाणे चालू प्रकल्पाची मुदत आरंभीचे वर्ष सोडून ३ वर्षांची! चौथ्या-पाचव्या वर्षी त्या बाईने घरी बसावे काय?

सरकारची जबाबदारी यामुळे तिळमात्र कमी होत नाही. तथापि अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन प्रकल्प चालविण्यास कायद्याची मुभा आहे, आणि प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या परिचारिकेचे वेतन व्यवस्थापन-खर्चाच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत मोजावे लागत नाही. नंदुरबार व गडचिरोली हे जिल्हे २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत सरकारनेच घातले होते. मुंबईतील चार-पाच कंपन्यांनी त्यांतील एकेक तालुका वाटून घ्यावा, १० वर्षांच्या वेतनाची हमी द्यावी व ती माणसे पुढे सेवेत कधी घेणार, हे राज्य सरकारकडून आधीच लिहून घ्यावे.