बिरवाडी ते केप टाऊन, व्हाया मोर्बा

महाडजवळच्या बिरवाडीच्या एमआयडीसीत वीस-पंचवीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाच्या घरी, मुलगा कमावता झाला की एक विषय निघतोच : एकदा परदेश बघायचा. मग जाहिराती गोळा होतात. सहा रात्री, सात दिवस, चार शहरं. म्हणजे रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि बसच्या काचेतून देश बघायचा. पहिल्या खेपेला एकच शहर घ्यावं, असं या सदराचं मत आहे. तेही समुद्र आणि डोंगर एका नजरेत मावतील असं, म्हणजे कोकणी डोळ्याला ते मापता येतं. केप टाऊन हे तसं शहर, आणि महाडकरांना वाटतं तितकं ते परकंही नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पोचलेल्या हिंदी लोकांत तेव्हाच्या कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने होते. शेजारच्या माणगाव तालुक्यातलं मोर्बा हे त्यातलं ठळक गाव. नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, गेले. हे मात्र स्वतःचं तिकीट काढून गेले आणि दुकानांत, फळभाजीच्या गाड्यांवर, पडेल त्या कामावर राबले. १९०२ मध्ये केप कॉलनीने कायदा केला की आत यायचं तर युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवा. नको असलेल्या माणसाला दारातच अडवायची ती सभ्य रीत होती. व्हिसाच्या रांगेत कंटाळणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं. पुढे वर्णभेदाच्या काळात कित्येक वर्षं खुद्द भारतीय पासपोर्टवरच ‘दक्षिण आफ्रिकेसाठी चालणार नाही’ असा शेरा असे. तो १९९० च्या दशकात गेला.

आता कागदपत्रं. छत्तीस पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये लागतात आणि तो दहा वर्षं चालतो. अडचण पैशांची नसते, नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, लग्नानंतरचं तिसरंच. हे आधी एकसारखं करून घ्यावं. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधीच काढावा लागतो आणि त्यासाठी पासपोर्टमध्ये कोरी पानं हवीत. मुंबईहून केप टाऊनला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा आदिस अबाबा इथे बदलावं लागतं. आदिस अबाबाचं तिकीट स्वस्त दिसलं तरी इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. तिथे बारा तासांहून जास्त थांबा असेल तर लशीचा दाखला मागतात, आणि लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

खरा प्रश्न महिन्याचा. आपल्याकडे सहल म्हटली की मे. केप टाऊनमध्ये मे म्हणजे थंडीचं तोंड, आणि तिथला पाऊस थंडीतच पडतो, जून ते ऑगस्ट. अर्थात महाडच्या एका जुलैत पडतो तेवढा पाऊस तिथल्या सपाट भागात वर्षभरातही होत नाही, तेव्हा सावित्री नदीचा पूर पाहिलेल्याने त्याला भिऊ नये. पण ढगांमुळे डोंगर दिसत नाही, हे नुकसान मोठं. डिसेंबर-जानेवारीत ऊन स्वच्छ, मात्र गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली. दिवाळीची सुट्टी सगळ्यात चांगली. तेव्हा तिथे वसंत असतो.

हा डोंगर म्हणजे टेबल माउंटन, १,०८५ मीटर; आपला रायगड सुमारे ८२०. तिथली केबल कार १९२९ पासून चालते, रायगडाचा रोपवे १९९६ चा. श्रावणात गडमाथ्यावरून ढग खाली सांडताना ज्याने पाहिलेत, त्याला टेबल माउंटनचा प्रसिद्ध ‘टेबलक्लॉथ’ ओळखीचा वाटेल. वारा सुटला की मात्र केबल कार बंद, आणि उन्हाळ्यातला आग्नेयेचा वारा हट्टी असतो. म्हणून डोंगर शेवटच्या दिवसावर ढकलू नये. पहिली निरभ्र सकाळ दिसली की बाकी सगळं सोडून वर जावं. रॉबेन बेटाच्या बोटीचंही तेच. मंडेलांच्या सत्तावीस वर्षांच्या कैदेतली अठरा वर्षं त्या बेटावर गेली. तिकीट आधी काढावं लागतं आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द होते.

समुद्र दिसतो श्रीवर्धनसारखा निळा, पण पाय घातला की कळ जाते. अटलांटिकच्या बाजूला थंड प्रवाह वाहतो, तेव्हा पोहायचंच तर फॉल्स बेकडे जावं. त्याच बाजूला सायमन्स टाऊनजवळ पेंग्विन राहतात, पिंजऱ्यात नव्हे, किनाऱ्यावर. अंधार पडल्यावर पायी भटकू नये, फोन हातात मिरवू नये. आणि नळ जपून सोडावा : २०१८ मध्ये या शहराने माणशी दिवसाला पन्नास लिटर पाण्यावर दिवस काढले आहेत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या कोकणाला हे समजावून सांगायला नको.

एक बारीकशी गोष्ट. तिथल्या भिंतीतले जुने सॉकेट तीन जाड गोल पिनांचे, म्हणजे आपल्या गिझरचा पंधरा अँपिअरचा प्लगच. चार्जरसाठी विमानतळावर महागडा अ‍ॅडॉप्टर घेण्याची गरज नाही, महाडच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाचा तुकडा मिळेल.

फॉर्म भरण्याआधी मात्र एक रविवार मोकळा ठेवा. माणगावला उतरा, मोर्ब्याला जा, आणि ज्यांच्या घरातलं कुणी तिकडे गेलं त्यांना विचारा, शहर कसं आहे ते.