शिजवतं कोण, नाव कोणाचं?

रविवारच्या पुरवण्यांमध्ये हल्ली नामवंत शेफच्या हॉटेलांची तुलना वाचायला मिळते. याच्याकडचा मासा चांगला, त्याच्याकडचं गोड चांगलं; इथे वाढपी अदबशीर, तिथे टेबलासाठी महिनाभर थांबावं लागतं. एका माणसाच्या जेवणाला हजारो रुपये पडतात ती ही हॉटेलं. आपल्या कामाशी यांचा काय संबंध, असं कोणी मैत्रीण विचारेल.

मला वाटतं, संबंध आहे. स्वयंपाक हे जगभर बाईचं काम मानलं गेलं. तेच काम पगाराचं आणि मानाचं झालं की पाटीवर बहुतेक वेळा पुरुषाचं नाव येतं. आपल्या भाषेतच पाहा ना. लग्नात पैसे घेऊन रांधतो तो आचारी, पंचतारांकित हॉटेलात रांधतो तो शेफ, आणि घरात जन्मभर फुकट रांधते ती सुगरण! म्हणून ही तुलना आपणही करू या, पण आपले प्रश्न घेऊन. शिजवतं कोण? शिकवलं कोणी? नाव कोणाचं झालं? आणि भांडी घासणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला वागणूक कशी मिळते?

सुरुवात फ्रान्सच्या ल्यों शहरापासून करावी लागते. श्रीमंतांच्या घरी राबणाऱ्या स्वयंपाकिणींनी नोकरी सुटल्यावर तिथे स्वतःच्या खानावळी काढल्या. लोक त्यांना 'मेर', म्हणजे आई, म्हणत. त्यांच्यातली युजेनी ब्राझिए. जन्म १८९५, शेतकरी घरातला. आई लहानपणीच गेली. एकोणिसाव्या वर्षी लग्नाशिवाय मूल झालं म्हणून वडिलांनी घराबाहेर काढलं. ल्योंमध्ये घरकाम करत, दुसऱ्या एका 'मेर'च्या हाताखाली शिकत तिने १९२१ मध्ये स्वतःचं हॉटेल उघडलं. मिशेलिन या टायर कंपनीची मार्गदर्शिका हॉटेलांना तारे देते. तीन तारे म्हणजे सर्वोच्च मान. १९३३ मध्ये ब्राझिएच्या दोन्ही हॉटेलांना तीन-तीन तारे मिळाले. एकाच वेळी सहा तारे त्यापूर्वी कोणालाच, कोणा पुरुषालाही, मिळाले नव्हते.

पॉल बोक्यूज हा पुढे जगप्रसिद्ध झालेला शेफ तरुणपणी तिच्याच हाताखाली शिकला. गायीचं दूध काढण्यापासून सगळी कामं तिने त्याच्याकडून करून घेतली. 'फ्रेंच पाककलेचा पोप' म्हणून जग त्याला ओळखू लागलं. १९९८ मध्ये आलाँ द्युकास या शेफला सहा तारे मिळाले, तेव्हा असं करणारा हा पहिलाच, असं वर्तमानपत्रांनी छापलं. पासष्ट वर्षांपूर्वीची बाई कोणाला आठवलीही नाही. बाईचा इतिहास असा पुसला जातो. त्यासाठी कोणाला कट करावा लागत नाही. आठवण ठेवण्याची गरजच वाटली नाही, की पुरतं.

आता लंडनमधली तीन हॉटेलं शेजारीशेजारी ठेवून पाहू. पहिलं गॉर्डन रॅम्झी यांचं, १९९८ मध्ये उघडलेलं. त्याला २००१ पासून तीन तारे आहेत. रॅम्झींना घराघरांत पोचवलं मात्र टीव्हीने. हाताखालच्यांवर ओरडणं, शिव्या देणं हाच तिथे करमणुकीचा विषय झाला. घरी भाजी खारट झाली म्हणून ताट भिरकावणारा नवरा आपल्याला परका नाही; त्याच रागाला इथे कसबाची खूण मानलं गेलं.

दुसरं हॉटेल क्लेअर स्मिथ यांचं. उत्तर आयर्लंडमधल्या शेतकरी कुटुंबातली ही मुलगी रॅम्झींच्याच स्वयंपाकघराची प्रमुख झाली. २०१७ मध्ये तिने 'कोअर' हे स्वतःचं हॉटेल काढलं आणि २०२१ मध्ये त्याला तीन तारे मिळाले. तिचा गाजलेला पदार्थ कोणता? बटाटा! समुद्रशेवाळाच्या चवीचं लोणी आणि वर माशांची अंडी घातलेला, पण मुळात बटाटाच. या बाईला २०१८ मध्ये 'जगातली सर्वोत्तम महिला शेफ' असा पुरस्कार मिळाला. 'सर्वोत्तम पुरुष शेफ' असा पुरस्कार मात्र नाही. पुरुष असला की तो नुसता शेफ.

तिसरं आस्मा खान यांचं 'दार्जिलिंग एक्सप्रेस'. कलकत्त्याच्या आस्मा लग्न होऊन इंग्लंडला गेल्या. कायद्यात डॉक्टरेट केली आणि २०१२ मध्ये घरातच पैसे घेऊन लोकांना जेवू घालायला सुरुवात केली. २०१७ मध्ये हॉटेल निघालं. त्यांच्या स्वयंपाकघरात सगळ्या बायका, बहुतेक दक्षिण आशियातून आलेल्या. एकीकडेही स्वयंपाकाच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र नाही. पुचका, कोशा मांगशो, बिर्याणी असं जेवण त्या रांधतात.

यांतलं कोणतं जास्त चविष्ट, हा वाद खवय्यांनी घालावा. स्मिथ पुरुषांनी बांधलेली शिडी चढून वर पोचली. आस्मांनी शिडीच नाकारली. घरी शिकलेलं कसब हीच पात्रता मानली आणि तिला पगार दिला. मला दुसरी वाट अधिक जवळची वाटते, कारण पहिलीवर एखादीच पोचते.

पण बाई मालकीण झाली की सगळं आपोआप सुधारतं, असंही नव्हे. खरी परीक्षा श्रमाच्या मोबदल्याची आहे. कोपनहेगनचं 'नोमा' पाच वेळा जगातलं सर्वोत्तम हॉटेल ठरलं. तिथे कितीतरी तरुण शिकाऊ मुलंमुली वर्षानुवर्षं बिनपगारी राबत होती. ऑक्टोबर २०२२ पासून त्यांना पगार सुरू झाला. जानेवारी २०२३ मध्ये मालक रेने रेझेपी यांनी, ही पद्धत आता परवडत नाही, असं सांगून हॉटेलचं नेहमीचं रूप थांबवणार असल्याचं जाहीर केलं. फुकटच्या श्रमावर उभं असलेलं वैभव! घरातल्या बाईच्या कामाचा हिशेब मांडताना आपण हेच तर सांगत आलो आहोत.

आपल्याकडे काय? कमलाबाई ओगले, तरला दलाल यांना कीर्ती मिळाली ती मुख्यतः पुस्तकांनी, म्हणजे दुसऱ्या बायकांना घरचा स्वयंपाक शिकवून. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांना २०१८ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला, पण त्यांचं हॉटेल बँकॉकमध्ये. आणि मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांना डबे घालणाऱ्या खानावळवाल्या बायका? त्यांची तर नावंही कुठे नाहीत. सावकाराच्या कर्जात रुतलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हॉटेलांचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यात हे पान असायला हवं.

वस्तीतल्या मुली आता हॉटेल व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांची चौकशी करत येतात. त्यांना परावृत्त करू नये. पण पाठवताना हक्क सांगून पाठवावं. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. शिकाऊ म्हणून ठेवलं तर किती महिने, किती तास आणि किती विद्यावेतनावर, हे लेखी मागावं.

आणि आपल्या संघटनांनी चालवलेली पोळी-भाजी केंद्रं, बचत गटांच्या खानावळी? हेच प्रश्न तिथेही विचारू या. पहाटे चारला उठून पोळ्या लाटणारीला तासाचे किती पडतात? सणाच्या मोठ्या मागणीत तिला आठवड्याची सुट्टी मिळते का? पाटीवर, निदान हिशेबाच्या वहीत, तिचं नाव आहे का? पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि उत्तरं या अंकाकडे जरूर पाठवावीत.