गावाची बातमी आणि गावाचे श्रम

स्वयंसेवेची वृत्ती एखाद्या प्रदेशात रुजते कशी, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या थोर व्यक्तीच्या त्यागात किंवा एखाद्या चळवळीच्या लाटेत शोधले जाते. परंतु खान्देशातल्या जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांचा गेल्या शतकाचा इतिहास पाहिला, तर त्या वृत्तीच्या जोडीने नेहमी आणखी एक गोष्ट आढळते, ती म्हणजे गावाची बातमी. येथे बातमी हा शब्द मर्यादित अर्थाने घ्यावयाचा आहे : आज पाळी कोणाची, वर्गणी किती जमली, कोणते काम कोणी केले आणि कोणते अजून राहिले आहे, याची सर्वांना असलेली माहिती. समुद्रकाठच्या गावाला अशी बातमी बंदरावर आपोआप मिळते, कारण भरतीची वेळ, परतलेली होडी आणि न परतलेली होडी या साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोरच्या गोष्टी असतात. खान्देशाला समुद्र नाही. तापी आणि तिला मिळणाऱ्या पांझरा, गिरणा, बोरी, वाघूर अशा नद्यांच्या काठांवर, काळ्या जमिनीत दूर दूर विखुरलेली गावे आहेत, आणि म्हणून येथे सामायिक कामाची बातमी कोणी तरी हेतूने तयार करून घरोघर पोचवावी लागली. ज्यांनी हे काम केले, त्यांनी सेवेचा पाया घातला, असे म्हणण्यास जागा आहे.

या व्यवहाराचे सर्वांत जुने रूप पांझरेच्या काठी सापडते. साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागात उगम पावून धुळे शहरातून वाहत जाणारी ही नदी पुढे तापीला मिळते, आणि तिच्या पात्रात जागोजाग बांधलेल्या दगडी बंधाऱ्यांवर काही शतके फड पद्धत चालत आली. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाटाखाली येणाऱ्या शेतजमिनीचा एक मोठा सलग भाग. अशी जमीन साधारणपणे तीन-चार फडांत वाटलेली असे, एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई, आणि उसाचा फड, भुसार धान्याचा फड अशी पिकांची जागा वर्षावर्षाने बदलत असे. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असल्याने पाणी कमी पडले तर ते सर्वांनाच कमी पडे, आणि एकाचे शेत भिजून दुसऱ्याचे कोरडे राहण्याचा प्रसंग टळे. शेतातल्या वाफ्यात प्रत्यक्ष पाणी देणारा तो पाटकरी, उभ्या पिकाची राखण करणारा तो जागल्या, आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा तो हवालदार. त्यांचा मोबदला शेतकरीच देत आणि निर्णय गावचे पंच घेत. पाटातला गाळ काढण्याचे काम मात्र सर्वांचे असे. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने बारे धरायचे नाही, म्हणजे स्वतः पाणी वळवून घ्यायचे नाही, हा या पद्धतीचा कणा होता. आणि ज्याला स्वतः पाणी घेता येत नाही, त्याला आपली पाळी केव्हा आहे हे खात्रीने कळणे भागच असते. पाटकऱ्याचा शब्द ही म्हणून फडाची रोजची बातमी होती, आणि त्या शब्दावर विश्वास असेपर्यंतच फड चालला.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांच्या उमेदवारीचा काही काळ धुळ्याच्या परिसरातच गेला, आणि पुढे नीरा कालव्यावर त्यांनी जी ब्लॉक पद्धत सुचविली, तिच्यात फडाची छाया अभ्यासकांना दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विहिरी वाढल्या, वरच्या अंगाला धरणे झाली, नदीचा बारमाही प्रवाह आटला, आणि बहुतेक फड मोडले. पाणीवापर संस्थांना वैधानिक अधिकार देणारा कायदा महाराष्ट्राने 2005 साली केला, तेव्हा पांझरेच्या शेतकऱ्यांना त्यातली मूळ कल्पना नवी वाटण्याचे कारण नव्हते.

लिखित बातमीचा विचार करताना अमळनेरकडे वळावे लागते. बोरी नदीकाठचे हे गाव श्रीमंत प्रताप शेठ यांच्या कापडगिरणीमुळे आणि 1916 साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरामुळे प्रसिद्धीस आले होते. कोकणात दापोली तालुक्यातल्या पालगड येथे 1899 साली जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी याच मंदिरात आले आणि 1924 साली खान्देश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, म्हणजे पुढच्या प्रताप हायस्कुलात, शिक्षक झाले. त्यांच्याकडे शाळेच्या वसतिगृहाची, त्या काळच्या भाषेत छात्रालयाची, जबाबदारी आली, आणि तेथे त्यांनी दोन कामे एकाच वेळी सुरू केली. मुलांच्या खोल्या झाडणे, अस्ताव्यस्त पडलेले कपडे आणि अंथरुणे नीट लावून ठेवणे, आजारी मुलाची शुश्रूषा करणे हे एक. आणि स्वतःच्या हाताने लिहून काढलेले ‘छात्रालय’ हे दैनिक मुलांसमोर ठेवणे हे दुसरे.

हस्तलिखित दैनिक याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. त्याला छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत, जाहिरात नाही. मजकूर, अक्षर आणि परिश्रम सारे एकाच माणसाचे, आणि वाचक म्हणजे एका छपराखाली राहणारी, बहुतांशी खेड्यांतल्या शेतकरी घरांतून आलेली मुले. जगात काय चालले आहे ते या पानांवर येई, थोरांची चरित्रे येत, कविता येत आणि छात्रालयातल्या घडामोडीही येत. ज्या मुलाच्या खोलीत बातमीदार सकाळी झाडू घेऊन आलेला असतो, त्या मुलाने त्याच बातमीदाराचे लेखन वाचणे, हा अनुभव कोणत्याही छापील पत्राच्या वाचकाला सहसा मिळत नाही. लिहिणाऱ्याचा अधिकार येथे त्याच्या हुद्द्यातून आलेला नव्हता. तो त्याच्या कामातून आलेला होता, आणि वाचकाला तो रोज तपासून पाहता येत होता. खान्देशात पत्रकारितेची परंपरा या आधीही होती, जळगावच्या नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 साली सुरू केलेले ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक तर साऱ्या महाराष्ट्रात मान्यता पावले होते. पण झाडू आणि लेखणी एकाच हातात असण्याचा हा प्रकार वेगळा होता. साने गुरुजींनी पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही चालविले, आणि 1930 साली शाळा सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले.

लेखणीचा हाच उपयोग त्यांनी तुरुंगातही केला. धुळ्याच्या कारागृहात 1932 साली 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलून अठरा अध्याय पूर्ण केले, आणि बोलण्याच्या वेगाने चालणारे ते सारे प्रवचन साने गुरुजींनी टिपून घेतले. ‘गीता प्रवचने’ या नावाने पुढे देशभर गेलेले पुस्तक एका कैद्याने इतर कैद्यांसाठी केलेल्या या लेखनिकीमुळे उपलब्ध झाले, ही गोष्ट धुळ्यात तरी अधिक वेळा सांगितली जावी.

या साऱ्याची मोठी परीक्षा फैजपुरास झाली. राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पन्नासावे अधिवेशन 1936 च्या डिसेंबरात यावल तालुक्यातल्या या गावी भरले, आणि खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन ठरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. स्वागत समितीची, म्हणजे यजमानपणाची सारी व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाची, धुरा शंकरराव देव यांच्याकडे होती. आणि स्थानिक पातळीवर धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे कार्यकर्ते राबत होते. शहरात अधिवेशन असेल तर सभागृह, नळ, दिवे आणि राहण्याच्या जागा आधीच तयार असतात. खेड्यात यांतले काहीच नसते. टिळकनगर या नावाने शेतांत जी तात्पुरती वस्ती उभी राहिली, तिची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या सूचनेवरून बांबू आणि गावाकडे सहज मिळणाऱ्या साहित्यातून केली, आणि त्या कामाचे गांधीजींना मोठे समाधान वाटले.

परंतु तोरणे आणि कमानी यांच्याइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, चिंता होती ती माणसे आणण्याची आणि आलेल्या माणसांच्या स्वच्छतेची. साने गुरुजी अधिवेशनाच्या आधी पूर्व खान्देशातल्या गावोगाव फिरले. पूर्व खान्देश हे आजच्या जळगाव जिल्ह्याचे 1906 नंतरचे आणि 1960 पर्यंतचे नाव. ज्या मुलखात घरातली बोली कोठे अहिराणी तर कोठे लेवा गणबोली आहे, आणि छापील पत्र वाचू शकणारे गावात मोजके आहेत, तेथे अधिवेशनाची बातमी पायी चालत जाऊनच द्यावी लागते, आणि मदत मागावयाची ती ओसरीवर बसूनच मागावी लागते. याच सुमारास अखिल भारतीय किसान सभेच्या वतीने सुमारे पाचशे शेतकरी मनमाडहून निघून 200 मैलांहून अधिक अंतर चालत, वाटेतल्या गावांना शेतकऱ्यांच्या मागण्या समजावून देत फैजपुरास पोचले. अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव संमत झाला, त्याच्या पाठीशी ही पायपीट होती.

स्वच्छतेच्या कामाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ येथे सर्वांत उघडपणे पणास लागला. गणवेश घालून रांगेत उभे राहणारा, पाहुण्यांना वाट दाखविणारा आणि गर्दी आवरणारा स्वयंसेवक लोकांच्या परिचयाचा होता, आणि नारायण सुब्बाराव हर्डीकर यांच्या हिंदुस्थानी सेवा दलाने 1923 नंतर त्याला शिस्तही दिली होती. मात्र गांधीविचारातल्या सेवेची कसोटी संडासाच्या चरापाशी लागत असे. चराचा संडास म्हणजे जमिनीत खणलेला उथळ, लांबट खड्डा. त्याच्या कडेला खणलेली माती ढीग करून ठेवायची, वापर झाल्याबरोबर ती वरून टाकायची, आणि चर भरला की बुजवून पुढचा खणायचा, म्हणजे कालांतराने तेथे सोनखत तयार होते. यंत्र लागत नाही, पैसा फारसा लागत नाही. लागतो तो दिवसातून अनेकदा तेथे जाऊन माती टाकणारा माणूस, आणि जातीच्या उतरंडीने हे काम ज्यांच्या माथी मारले होते त्यांच्या बाहेरचा माणूस त्यासाठी पुढे येणे हीच खरी अडचण होती. साने गुरुजींनी फैजपुरास मैला वाहण्याचे आणि सफाईचे काम केले. छात्रालयातल्या केरापासून निघालेली वाट येथवर येते, आणि शिक्षक, लेखक, प्रचारक अशा ओळखी असलेल्या माणसाने हे काम करताना गावकऱ्यांनी पाहणे, याला छापून आलेल्या दहा लेखांपेक्षा अधिक मोल होते.

पुढे 6 एप्रिल 1938 रोजी त्यांनी अमळनेर येथून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले. त्याच वर्षी पूर्व खान्देशात ओला दुष्काळ पडला, म्हणजे अतिवृष्टीने उभी पिके हातची गेली, तेव्हा शेतसाऱ्याच्या माफीसाठी गावोगाव सभा झाल्या आणि कलेक्टर कचेरीवर मोर्चे गेले. धुळे आणि अमळनेर येथे गिरणी कामगारांचे संघटन उभे राहिले, तेही याच काळात. साप्ताहिकाचा संपादक आणि मोर्चाचा पुढारी एकच असल्याने छापलेला शब्द आणि केलेली कृती यांत अंतर पडण्यास वाव राहिला नाही. मात्र या पद्धतीची दुर्बलताही येथेच आहे. सारा मजकूर एकाने लिहायचा, साऱ्या सभा त्यानेच घ्यायच्या, आणि सरकारने त्याला पकडले की पत्राचा श्वास कोंडायचा, अशी ही रचना होती. ‘काँग्रेस’ साप्ताहिक फार वर्षे टिकले नाही. व्यक्तीच्या निष्ठेवर उभे असलेले काम त्या निष्ठेइतके उंच जाते, पण तिच्यानंतर ते वाहून नेणारे हात आधीच तयार केलेले असावे लागतात.

धुळ्यात याचे वेगळे उदाहरण समोर आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निवर्तले, आणि त्यांनी आयुष्यभर दारोदार फिरून जमविलेली कागदपत्रे व टिपणे सांभाळण्यासाठी 1927 सालीच गावातल्या मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. दप्तरे झाडणे, फडक्यांत बांधणे, याद्या करणे हे रूक्ष काम पिढ्यान्‌पिढ्या होत राहिले, आणि ‘संशोधक’ या आपल्या नियतकालिकातून मंडळ त्याचा वृत्तान्त जगापुढे ठेवत आले. येथे नाव एका माणसाचे असले तरी काम अनेकांत वाटलेले आहे, आणि म्हणून ते चालू राहिले.

आज खान्देशातल्या कोणत्याही गावात बातमीची कमतरता नाही. प्रत्येकाच्या मोबाइलवर गावाचा एक गट असतो आणि दैनिकांना तालुक्याची पाने असतात. त्या पानांवर सत्कार, उद्‌घाटने आणि निवडी यांचे वृत्त भरपूर येते, श्रमदानाचे छायाचित्रही येते. पण नाल्यातला गाळ नंतर कोणी काढला, वृक्षारोपणातली झाडे उन्हाळ्यात कोणी जगविली, जमलेल्या वर्गणीतून किती उरले आणि ते कोठे आहे, हे क्वचितच छापले जाते. छायाचित्रात पाहुणे पुढे असतात आणि फावडे धरणारे कडेला. ही उणीव भरून काढण्यास मोठ्या भांडवलाची गरज नाही. ग्रामसभेची सूचना लावण्यासाठी ग्रामपंचायतीचा फलक प्रत्येक गावात असतो, शाळेच्या दारात फलकलेखनाची प्रथा आहे, आणि सुवाच्य अक्षराची मुलेही आहेत. अमळनेर, यावल, साक्री, शिरपूर अशा तालुक्यांतल्या शाळांनी गावाच्या सामायिक कामांचे एक हस्तलिखित साप्ताहिक मुलांकडून लिहून घ्यावे, त्यासाठी मुलांनी पाटावर, नाल्यावर आणि पाण्याच्या टाकीपाशी स्वतः जाऊन पाहावे, आणि लिहिणाऱ्या मुलाने त्या आठवड्यात निदान एकदा त्या कामाला हात लावलेला असावा, इतकीच अट घालावी.