जुन्या व्हॉल्व्हच्या पेटीतून स्टील गिटार

मंडळी, माळ्यावर आजोबांचा मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा व्हॉल्व्हवाला रेडिओ पडून असेल, किंवा ओळखीच्या मांडववाल्याकडे आहुजाचा जुना, जड, लोखंडी अँप्लिफायर धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी आजचं सदर वाचा. या पेट्या अजून गाऊ शकतात. फक्त त्यांच्याकडून काय गाऊन घ्यायचं हे आपल्याला ठरवता आलं पाहिजे. आज आपण त्यांच्यावर स्टील गिटार वाजवणार आहोत.

स्टील गिटार म्हणजे पडद्यांवर बोटं दाबून वाजवायची गिटार नव्हे. ही आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, घसरत जातो. आपल्याकडे मींड म्हणतात तेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूने ही पद्धत लोकप्रिय केली. पुढे हवाईचाच ताउ मो १९४० च्या दशकात काही वर्षं कोलकात्यात राहिला आणि वाजवला. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा: रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये, गायकाशिवाय, नुसत्या गिटारवर वाजलेली सिनेमाची गाणी त्यांना नक्की आठवतील. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही त्यातली नावं. 'हवाईयन गिटार' म्हणतात ती हीच. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत ऐकू येते ती गिटार काबरांची.

आणि आम्ही चेन्नईकर तर याबाबतीत आणखी श्रीमंत. इथल्या कर्नाटक संगीतात चित्रवीणा ऊर्फ गोट्टुवाद्यम आहे. तिलाही पडदे नाहीत आणि तीही तारांवर गुळगुळीत ठोकळा सरकवूनच वाजवतात. हे वाद्य मैफलीत पुढे आणणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव आहे तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांचं. सखाराम! कान टवकारले ना? तंजावर मुलखात मराठी राज्य होतं, त्यामुळे अशी नावं तिथे पावलोपावली भेटतात. थोर गायक सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांनीही या सखाराम रावांकडे शिक्षण घेतलं होतं.

पेडल स्टील हा या घराण्याचा अमेरिकन नातू. ती पायांवर उभी असते, टेबलासारखी. सहसा एका पट्टीवर दहा तारा, खाली पायाने दाबायची पेडलं आणि गुडघ्याने ढकलायचे दांडे. पेडल दाबलं की एखादी तार वर चढते आणि बाकीच्या जागेवरच राहतात. १९५४ साली वेब पिअर्सचं 'स्लोली' हे गाणं गाजलं, त्यात बड आयझॅक्सने नेमकं हेच केलं आणि अमेरिकेतल्या कंट्री संगीताला तो रडवेला, गोड आवाज चिकटला तो कायमचा.

आता मुद्द्याचं. इंटरनेटवर व्हॉल्व्ह अँप्लिफायरबद्दल शोधलंत तर दहापैकी नऊ जण तुम्हाला एकच सांगतील: आवाज वाढवा, व्हॉल्व्हला ताण द्या, मग सूर कसा खरखरीत, जाड, फाटका येतो बघा. रॉक गिटारसाठी ते खरं आहे. स्टील गिटारला मात्र तो फाटका आवाज बहुधा परवडत नाही. तीन तारा एकत्र छेडल्यात, त्यातली एक पेडलमुळे वर सरकतेय आणि दोन स्थिर आहेत, अशा वेळी आवाज फाटला की तिन्हींचा चिखल होतो. शिवाय हे वादक पायाखाली आवाजाचं पेडलही ठेवतात. तार छेडताना ते अर्धंच उघडं असतं, आणि सूर विझत चालला की हळूहळू दाबून त्याला टिकवून धरतात. सूर लांबतो तो असा. म्हणजे अँप्लिफायरकडे कायम थोडी ताकद शिल्लक हवी. पहिल्याच टणत्काराला त्याचा दम संपला तर पुढे टिकवणार काय?

म्हणून पेडल स्टीलवाले मोठ्या यंत्रांकडे वळले. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब त्यांचा लाडका. चार मोठे व्हॉल्व्ह, ८० वॅटच्या घरातली ताकद. घरगुती रेडिओत बहुतेक वेळा आवाजाचा एकच व्हॉल्व्ह असतो, समजा ईएल ८४. त्याची ताकद चार-पाच वॅट. तसे दोन असतील तर बारा-पंधरा. मांडवातल्या अँप्लिफायरमध्ये ईएल ३४ ची जोडी सापडली तर तीसच्या पुढे. वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो असं मात्र समजू नका. कानाला जेमतेम थोडा मोठा लागतो, तीन डेसिबलने. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं: रेडिओ घरच्या सरावासाठी छान, पण ढोलकी आणि ड्रमसोबत वाजवायचं असेल तर मांडवातली पेटीच शोधा.

शोधायची कुठे? चेन्नईत पल्लावरमला दर शुक्रवारी बाजार भरतो, तिथे जुने रेडिओ आणि ग्रामोफोन मांडलेले असतात. सुटे भाग माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड माहीतच आहे. दुकानात "अण्णा, चारशे पन्नास व्होल्टचा कॅपॅसिटर" असं व्होल्टेजसकट मागा. आजच्या उपकरणांतला पंचवीस व्होल्टवाला हातात घेऊन आलात तर तो इथे फटाक्यासारखा फुटेल.

इथे मला जरा मोठ्या आवाजात बोलू द्या. व्हॉल्व्हच्या पेटीत ३०० ते ४५० व्होल्ट खेळत असतात. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ते साठून राहू शकतात, आणि त्या साठ्याने माणूस मरू शकतो. त्यामुळे झाकण उघडून आत हात घालण्याचं काम जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांचंच. तुम्ही शेजारी बसा, प्रश्न विचारा, चहा द्या. लहान मुलांना त्या खोलीत नको.

दुसरं, काही रेडिओ या कामाला घ्यायचेच नाहीत. आतल्या व्हॉल्व्हची नावं 'यू' अक्षराने सुरू होत असतील, यूसीएच ८१, यूएल ८४ अशी, आणि विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर दिसत नसेल, तर त्या रेडिओचा लोखंडी सांगाडा थेट घरच्या विजेला जोडलेला असू शकतो. लाकडी खोक्यात बंद असतो तोवर ठीक. पण त्याला गिटारची वायर जोडली की तीच वीज तारांमधून तुमच्या हातापर्यंत येईल. असा रेडिओ दिवाणखान्यात शोभेला ठेवा.

बाकी पेट्याही आणल्या आणि लावल्या असं करू नका. वीस-तीस वर्षं झोपलेल्या यंत्राला एकदम २३० व्होल्ट दिले की जुने कॅपॅसिटर दगा देतात. काका लोकांकडे सिरीज बोर्ड असतो: पेटीच्या वाटेत एक साधा, तारेचा, पिवळ्या उजेडाचा बल्ब. बल्ब आधी लख्ख पेटून मग मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

मग येते खरी साफसफाई. विजेचा साठा करणारे मोठे कॅपॅसिटर सगळे बदलायचे, यात काटकसर नाही. त्यानंतर दोन व्हॉल्व्हच्या मधले कागदी, मेणाचा लेप दिलेले कॅपॅसिटर. यांचं काम चाळणीसारखं: आवाज पुढे जाऊ द्यायचा, आधीच्या व्हॉल्व्हचं मोठं व्होल्टेज अडवायचं. चेन्नईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं ओल पिऊन ते गळायला लागतात, मग पुढचा व्हॉल्व्ह तापून लालबुंद होतो आणि जातो. व्हॉल्व्ह महाग, कॅपॅसिटर स्वस्त, तेव्हा हिशेब सोपा आहे. दोन पिनांची जुनी वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची बसवा. काढलेले सगळे भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून जपा. आणि कृपा करून पत्र्याला नवी भोकं पाडू नका. उद्या कुणाला ती पेटी मूळ रूपात हवी असेल.

इथवरची कामं कुठल्याही जुन्या अँप्लिफायरला लागतातच. आता स्टील गिटारसाठीची. पेडल स्टीलचं पिकअप बहुधा साध्या गिटारपेक्षा तगडा सिग्नल देतं. मांडवातल्या पेटीचं माइकचं भोक मात्र बोलणाऱ्याच्या नाजूक आवाजासाठी बनवलेलं. त्यात गिटार खुपसली की पहिल्याच व्हॉल्व्हला ठसका लागतो. त्याऐवजी ग्रामोफोनसाठी ठेवलेली जोडणी वापरून बघा. ती जुन्या रेडिओच्या पाठीमागेही असते. तरीही आवाज फाटत असेल तर पहिला व्हॉल्व्ह बदलायचा. तिथे बहुधा ईसीसी ८३ असतो, त्याची वाढवण्याची क्षमता सुमारे १००. त्याच पिनांचा ईसीसी ८१ सुमारे ६०, आणि ईसीसी ८२ तर वीसच्याही आत. शेजारचे रेझिस्टर थोडे जुळवून घ्यावे लागतील, पण मला यात मजा वाटते: सगळं जग जास्त जोराचा व्हॉल्व्ह शोधत असतं आणि आपण दुकानात मुद्दाम मवाळ मागतो.

भाषणासाठी बनवलेल्या पेटीत खालचे सूर मुद्दाम कापलेले असू शकतात, म्हणजे वक्त्याचे शब्द घुमत नाहीत. पेडल स्टीलच्या नेहमीच्या, ई-नाइन नावाच्या जुळणीत सगळ्यात जाड तार साधारण १२३ हर्ट्झवर असते, तेवढ्याला फारसा त्रास नाही. सी-सिक्स जुळणीत ती ६५ पर्यंत उतरते, तिथे मधले कॅपॅसिटर मोठे घ्यावे लागतात. विजेचा साठाही थोडा वाढवला की खालचा सूर लडखडत नाही. पण व्हॉल्व्हचा रेक्टिफायर असेल तर मर्यादा पाळा. जीझेड ३४ ला कंपनीनेच ६० मायक्रोफॅरडची सीमा घालून दिली आहे.

स्पीकर हा निम्मा आवाज असतो. मांडवातला भोंगा इथे चालणार नाही, तो फक्त मधले सूर फेकतो. बारा किंवा पंधरा इंची कागदी शंकूचा स्पीकर लाकडी खोक्यात बसवा. पेटीच्या मागे १०० व्होल्ट लाइनची जोडणी असते, ती लांबवरच्या भोंग्यांसाठी. तिला हात लावू नका. ८ ओहम लिहिलेल्या जागी ८ ओहमचा स्पीकर जोडा. स्पीकर न जोडता पेटी चालू करून वाजवलीत तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर शोधण्यात महिना जातो.

सगळं झाल्यावर परीक्षा अशी घ्या. तीन तारांचा एक जोड छेडा, कांडी सावकाश सरकवा, आवाजाचं पेडल हळूहळू दाबत न्या. तिन्ही सूर शेवटपर्यंत वेगवेगळे ऐकू आले तर काकांना मिठाई द्या. हवाईयन गिटार असेल तर तिच्यावरही हीच परीक्षा. पिकअप लावलेल्या चित्रवीणेवर घेऊन बघा, गमकांत जरासाही चिखल असेल तर लगेच कळेल.

आणि हो, ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे चेन्नईच्या खऱ्या पावसाच्या महिन्यांत, पेटी बंद करून ठेवू नका. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, स्पीकर जोडूनच. व्हॉल्व्हच्या उबेने आतली ओल सुकते. त्या तासात कुणी वाजवलं तर उत्तमच, नाहीतर ग्रामोफोनच्या जोडणीत मोबाइल लावा आणि आजीला सुनील गांगुली ऐकवा.